उताराचे वाटे

जमीनमोजणीच्या कचेरीत मी नोकरी केली. शेतात साखळी ओढत फिरले नाही, माझं काम टेबलाचं. पण त्या टेबलासमोर जी माणसं येत ती बघून मी निवृत्त होताना ठरवलं होतं, यापुढे कुणाच्या जमिनीच्या भानगडीत पडायचं नाही. सख्खे भाऊ एकाच एसटीने येत, एकाच बाकावर बसत आणि एकमेकांकडे पाठ फिरवून बसत. एकाच्या आंब्याची फांदी दुसऱ्याच्या घरामागच्या परड्यात गेलेली असे, नाहीतर कुणी रातोरात गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, हातभर पुढे सरकवलेला असे. आम्हा कोकणातल्या माणसांकडे जमीन थोडी आणि तिच्यावरून धरलेला राग भरपूर, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी कुणालाही ऐकवते.

म्हणूनच आम्ही फ्लॅट घेतला. मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत, तीन इमारतींची सोसायटी. ना परडं, ना गडगा, ना प्रत्येक कागदावर चुलत्याची सही. नवरा म्हणाला, "आता तुला भांडायला काही उरलं नाही, तू आजारी पडशील." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक सत्तरीची बाई राहत होती. एकटी. मुलगा डोंबिवलीला नोकरीला, सून तिकडेच. हिचे गुडघे पार गेलेले आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बिल्डरच्या नकाशात होती, इमारतीत नव्हती. खाली जायचं तर ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसत बसत जायची, आणि वर येताना तिचा चेहरा बघवत नसे. मुलगा वाईट नव्हता. या चतुर्थीनंतर आईला कायमची आपल्याकडे न्यायची, असं त्याने ठरवलं होतं, आणि तिनेही मान हलवली होती.

तिची धाकटी जाऊ याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत होती. दोघींचं बोलणं नव्हतं.

खरं तर आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती यांचीच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. बरीच वर्षं एका चुलीवर जेवले, मग वाटणीवरून बिनसलं, चुली वेगळ्या झाल्या, आणि पुढे जमीन बिल्डरला देताना दोघांनी एकच गोष्ट एकमताने मागितली, ती म्हणजे आपापले फ्लॅट वेगवेगळ्या इमारतीत असावेत. त्यानंतर दोघेही भाऊ गेले. भांडणारे गेले तरी अबोला काही गेला नाही. तो त्यांच्या बायकांनी नवऱ्याची आठवण म्हणून सांभाळला होता, असं मी एकदा म्हणाले तेव्हा मोठी जाऊ हसली, आणि मग तिचे डोळे भरले.

त्या दिवशी तिने मला सगळं सांगितलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरगेली होती, तिला स्वयंपाकातलं काही येत नसे. "दिसभर माका हाको मारी. वयनी, मीठ खंय? वयनी, ह्या कसा करूचा? माझा डोक्या उठा." आता त्या हाकेसाठी ती झुरत होती. "मी आता जातलंय गो डोंबिवलेक. परत काय येवचंय नाय. जाण्याआधी तिणा एकदा तरी माका वयनी म्हणान हाक मारूक व्हयी. बाकी माका काय नको."

"मग तूच मार ना हाक," मी म्हणाले. मला असल्या गोष्टींचा वैताग येतो.

"मी मोठी. मोठ्यान हाक मारली तर तो हुकूम होता. ती येतली, पण हुकमान येतली."



मे महिन्यात सोसायटीची सभा झाली. विषय होता इमारतींच्या मागचा उतार. उतार म्हणजे फार नाही, हातातला चहा न सांडता खाली जाता येईल इतपतच. वरच्या अंगाला कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला मात्र काळसर, चांगली माती. बिल्डरने उरलेसुरले चिऱ्यांचे तुकडे तिथेच टाकले होते आणि वरून रान माजलं होतं. सेक्रेटरींचं म्हणणं, सगळं सपाट करून लाद्या घालू, गाड्या ठेवायला होतील. बायका म्हणाल्या, भाजी लावू. गाड्यांपेक्षा बायका जास्त होत्या, त्यामुळे भाजी ठरली. मग कुणीतरी म्हणालं, सगळ्यांनी मिळून एकच मळा करू. यावर सभेत अशी शांतता पसरली की बोलणाऱ्यालाच आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटलं असावं. वाटे करायचे ठरले. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हणाले. नवरा घरी येईपर्यंत हसत होता.

वाटे मी चोख केले. आडवे पट्टे पाडले असते तर वरच्याला कातळ आणि खालच्याला लोणी, म्हणजे पहिल्याच दिवशी महाभारत. म्हणून उभे पाडले, वरून थेट व्हाळापर्यंत. प्रत्येकाला थोडी वाईट जमीन, थोडी चांगली. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या अशाच होतात, कुणाला बोट दाखवायला जागा नको. सुतळी ताणून, खुंट्या ठोकून मी पट्टे आखले आणि दोन्ही जावांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवले. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत का, असं धाकटीने विचारलं. मी म्हणाले, मोजणी खात्यात चिठ्ठ्या टाकत नाहीत. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली, पण पट्टा तिने घेतला.

मोठी तर काय, गुडघे विसरून गेली. रोज सकाळी जिना उतरायची, माझा हात धरून त्या उतारावर जायची आणि बसल्या बसल्या माती भुसभुशीत करायची. तवशीच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकडीच्या बिया तिने कुठून तरी जपून ठेवलेल्या होत्या. धाकटीने हळद आणि भेंडी लावली. दोघींच्यात दोन हातांचं अंतर असे. आणि बोलणं माझ्यामार्फत.

"तिका सांग, हळद इतकी दाट लावची नाय."

"तिका सांग, माझी हळद आसा, मी बघतलंय."

मी मधे उभी राहून मान इकडून तिकडे फिरवायची. सांगायची गरजच नसे, दोघींचे कान शाबूत होते. पण मी सांगितल्याशिवाय दुसरी बोलत नसे, म्हणून सांगावं लागे. टपाल खात्यात असते तर यापेक्षा कमी हेलपाटे झाले असते.

पाऊस लागायच्या आधी आणखी एक गोष्ट झाली. बिल्डरने टाकलेले ते चिऱ्यांचे तुकडे एकेक करून हलू लागले. आधी कुणीतरी आपल्या पट्ट्याच्या कडेला चार तुकडे रचले, वेल पलीकडे जाऊ नये म्हणून. मग शेजाऱ्याने आपल्या बाजूने रचले. आठवड्याभरात प्रत्येक पट्ट्याला दोन्ही अंगांनी गुडघाभर गडगा झाला, वरपासून खालपर्यंत. जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती, सोसायटीची होती, सामाईक. तरी गडगे उभे राहिले. त्यात डॉक्टर होते, बँकेतले होते, एक मास्तर होते. सगळे कुठल्या ना कुठल्या गावच्या गडग्याला कंटाळून फ्लॅटमध्ये आलेले. दोन्ही जावांच्या मधे तर दोन गडगे होते, एक हिचा, एक तिचा, आणि मधून पाय घालता येईल एवढी फट.

आता उतारावर उभे गडगे घातले की काय होतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गडगा उतारावर आडवा घालायचा, म्हणजे माती अडते. उभा घातला तर त्याचं गटार होतं. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पण आडवा गडगा एकट्याच्या पट्ट्यात घालून भागत नाही, तो शेजाऱ्याच्या गडग्याला जोडावा लागतो, आणि शेजाऱ्याला तसं सांगायला आधी जायचं कुणी? माझ्यासकट कुणीच गेलं नाही.

आषाढात तीन दिवस झोडपून पाऊस झाला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाल्यावर आम्ही मागे गेलो, तर वरचा अर्धा उतार उघडा पडला होता. कातळ दिसत होता. दोन दोन गडग्यांच्या मधून पाणी लोंढ्याने गेलं होतं आणि माती, भेंड्या, वांगी, मास्तरांच्या मिरच्या, सगळं व्हाळाच्या काठाला ढीग होऊन पडलं होतं.  सेक्रेटरी लाद्यांबद्दल बोलायला तोंड उघडणार होते, पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघून गप्प राहिले.

दोन जावांच्या मधले गडगे एका ठिकाणी कोसळले होते. मोठीच्या तवशीचा वेल, मुळांच्या गोळ्यासकट, त्या भगदाडातून घसरून धाकटीच्या हळदीत जाऊन पडला होता. मोठीला मी खाली आणलं नव्हतं, जिना ओला होता. मी परत वर गेले तेव्हा ती आमच्या मागच्या गॅलरीतून बघत होती. "उपटून टाकतली ती आता," म्हणाली. "टाकूदे. तिची जागा आसा."

धाकटी पदर खोचून त्या वेलापाशी बसली. आधी तिने मुळांवर हाताने माती ओढली. मग कोसळलेल्या गडग्यातले तीन-चार तुकडे उचलून त्या वेलाच्या खालच्या अंगाला रचले, आडवे. मग घरातून काठ्या आणून छोटासा मांडव केला आणि वेलाचं टोक त्यावर चढवलं. एकदाही वर बघितलं नाही. मोठी गॅलरीचा कठडा धरून उभी होती, आणि मला म्हणाली, "गो, माका खाली ने."

"जिना ओला आहे."

"मगे सुकव."

त्या तीन-चार तुकड्यांच्या वर माती थांबलेली सगळ्यांनी बघितली. पुढच्या उघडिपीत कुणी न सांगता सगळे खाली जमले आणि उभे गडगे काढायला लागले. तेच तुकडे आडवे लावायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या पट्ट्यांतून सलग. ज्याचा त्याने आपल्यापुरता लावायचा आणि शेजाऱ्याच्या ओळीला जोडायचा. काम सोपं होतं, पण जिथे दोन पट्टे भेटत तिथे दोन माणसांना एकमेकांशी बोलावंच लागे, आणि त्यामुळे सकाळभर उतारावर अशी वटवट चालली होती की बाजार भरल्यासारखं वाटत होतं.

दोन जावांची ओळ जुळेना. मोठी बसून लावत होती, तिचा गडगा खालच्या अंगाने येत होता. धाकटीचा वरच्या. मी मधे उभी होते, नेहमीप्रमाणे. "तिका सांग," धाकटीने सुरुवात केली, आणि मोठीने एक तुकडा भलत्याच जागी ठेवला. धाकटीचा तोल गेला. मला ओलांडून तिने सरळ तिच्यावर तोंड सोडलं.

"गो, ह्यो धोंडो हंय खंय लावतंस? पाणी खंयसून जातला?"

"माका शिकव नको. तू लगीन होवन इलंस तेच्या आधीपासून ह्या उतारार हळद मी लावी होतंय."

"व्हय तर. सगळा तूच केलंस. माझी भांडी खळ्यात मांडलंस ती पण तूच."

मला तेव्हा कळलं की गाडी दगडांवरून घसरली आहे. चूल वेगळी झाली त्या दिवशी मोठीने धाकटीच्या वाटणीची भांडी घराबाहेर, खळ्यात नेऊन ठेवली होती. सगळ्या वाडीसमोर. धाकटी त्या दिवसापासून गप्प झाली होती.

"ह्येंनी सांगल्यानी म्हणान मांडलंय," मोठी म्हणाली. तिचा आवाज चढला. "पण फेकूक नाय. एकेक भांडा पुसून मांडलंय. पालथा घातलंय, पावस भरात म्हणान. तुझो तांब्यो चेपललो, तो ठेवन घेवन माझो दिलंय."

"ह्या माका कधी सांगलंस नाय."

"तू इचारूक खंय इलंस?"

"तू माका हाक मारूची होतंस."

"मी कित्याक मारू? तुझ्या तोंडाक काय झाला होता?"

यानंतर जे झालं ते सगळं लिहिता येणार नाही. नवरे निघाले, सासू निघाली, कुणाच्या बाळंतपणात कुणी काय केलं नाही ते निघालं. तिन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही मधे पडा ना." मी म्हणाले, "आज पहिल्यांदा मी मधे नाही आहे. तुम्ही पण बसा." आणि खरंच एका चिऱ्यावर बसले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. नोकरीत मी भावाभावांचं इतकं भांडण ऐकलं, पण ते वकिलांच्या भाषेतलं. असं तोंडावर, असं पोटातून, कुणी कुणाशी भांडलेलं मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते.

भांडता भांडता दोघींनी तो गडगा जोडला. धाकटीने मोठीचा चुकीचा तुकडा उचलून नीट बसवला, मोठीने त्याच्यामागे माती दाबली. थकल्या तेव्हा गप्प झाल्या.

जिना चढताना मोठी पहिल्या वळणावर बसली आणि बराच वेळ दम खात राहिली. मी म्हणाले, "काय, झालं ना समाधान?"

"भांडली गो. बरा वाटला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण वयनी म्हणूक नाय."

चतुर्थीला गणपती मोठीच्या फ्लॅटमध्ये आला, नेहमीप्रमाणे. घराणं एकच, म्हणून गणपती एकच. मुलगा-सून आली होती. गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला आंब्याचे टहाळे, सुपारीचे घोस, रानातली फळं बांधायची, त्यात तवसं लागतंच. आदल्या दिवशी धाकटीने मला हाक मारून आपल्या मांडवावरचं तवसं हातात दिलं. मांडीएवढं. "तिका दी," म्हणाली. "तिचाच आसा." तू ये ना, म्हटलं. ती घरात निघून गेली. आरतीला ती आली, दाराशी उभी राहिली, हात जोडले, प्रसाद घेतला. सुनेशी बोलली, पुतण्याशी बोलली. मोठीशी एकदा कडकडून भांडली सुद्धा, प्रसादात गूळ कमी आहे म्हणून. पण तिला वयनी म्हणून हाक मारली नाही. भांडण 'गो' वर भागत होतं.

निघायच्या दिवशी मुलाने गाडी इमारतीपाशी लावली. सामान फार नव्हतं. मोठी खाली आली, तिन्ही वळणांवर बसून. सगळ्यांचा निरोप घेतला, माझे हात धरले, आणि गाडीजवळ उभी राहून इमारतीच्या त्या कोपऱ्याकडे बघत राहिली जिथून उताराकडची वाट येते. मुलगा म्हणाला, "आई, चल, घाटात काळोख होईल." तिने मान हलवली आणि बसली.

मी तरातरा मागे गेले. धाकटी उतारावर, स्वच्छ केलेल्या हळदीत, नसलेलं तण काढत बसली होती.

"गेली?" वर न बघता तिने विचारलं.

"बसली गाडीत."

"तिका सांग, गोळ्यो येळेर घी म्हणान. आणि पावल्यार फोन कर."

माझं डोकं फिरलं. चार महिने मी हे टपाल वाहिलं होतं. "मी काय्येक सांगूचंय नाय," मी म्हणाले. "तुका तोंड आसा. ती परत येवची नाय. तुका सांगूचा आसात तर तू सांग, नाय तर हंयच बस तण काढीत." आणि पाठ फिरवली. पुढच्या बाजूला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ती उठली. आधी चालली, मग माझ्या पुढून पळत गेली. मातीने भरलेले हात तसेच, पदर खोचलेला. गाडी फाटकाशी पोचली होती. पहिली हाक नीट फुटलीच नाही. "वयनी." मग तिने सगळा जोर लावला. "वयनी गो, थांब."

गाडी थांबली. धाकटीने दोन्ही हातांनी खिडकी धरली, काचेला चिखल लागला. आणि मग तिला काही सुचेना. गोळ्या नाही, फोन नाही, काही नाही. नुसती धापा टाकत उभी राहिली. मोठी समोर बघत बसली होती, मान ताठ, जणू काही झालंच नाही. मला भीती वाटली की म्हातारीने ऐन वेळी हट्ट धरला. मी पुढे झाले आणि खिडकीत वाकले.

"गो, ती तुका हाक मारता. आयकलंस ना?"

"पयलीच आयकलंय," मोठी म्हणाली. तिचा चेहरा सगळा ओला झाला होता. "आणखी एकदा मारतली म्हणान गप रवलंय."